सुट्या भागांचें खेळणें

सायंकाळची वेळ आहे. मुलाच्या वाढदिवसासाठीं आणलेल्या तिचाकी सायकलीचा खोका दिवाणखान्याच्या मध्यभागीं ठेवलेला आहे. खोक्यावरील चित्रांत सायकल पूर्ण आहे, चकचकीत आहे, आणि एक हंसरें मूल तिच्यावर स्वार झालेलें आहे. खोक्याच्या आंत मात्र सायकल नाहीं. आंत नळ्या आहेत, चाकें आहेत, एका पिशवींत १८ स्क्रू व दुसऱ्या पिशवींत तितक्याच चाक्या आहेत, आणि चार घड्या घातलेला एक कागद आहे. वडील चष्मा पुसून तो कागद वाचावयास बसतात. तासाभरानें हँडल उलटें बसल्याचें ध्यानांत येतें. तें काढून पुन्हां बसवावें लागतें. दोन तासांनीं सायकल एकदांची उभी राहते. पण सतरंजीवर एक स्क्रू शिल्लक राहिलेला असतो, आणि तो कोठला हें कोणासच सांगतां येत नाहीं. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप चाललेला असतो, तें मूल केव्हांच रिकाम्या खोक्यांत बसून घर-घर खेळूं लागलेलें असतें.

हें दृश्य आतां मुंबईपुण्यापासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत सर्वत्र ओळखीचें झालें आहे. वडील कागदाला दोष देतात आणि घरचीं माणसें वडिलांना दोष देतात. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण अशा वेळीं कोणी तरी उच्चारल्याशिवाय राहत नाहीं, आणि हंशांत तो प्रसंग संपतो. परंतु दोष नाचणाऱ्याचा कीं अंगणाचा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. गेल्या अडीचशें वर्षांत खेळणीं व बाळाच्या वस्तू जोडण्याचें काम कारागिराच्या हातून निघून आईबापांच्या हातीं कसें आलें, हें पाहिलें म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. तें उत्तर जगाला सहजासहजीं मिळालेलें नाहीं. त्यासाठीं कांहीं बालकांच्या प्राणांचें मोल पडलें आहे.

पूर्वींच्या काळीं ही अडचण उद्भवण्याचा संभवच नव्हता. घरांत बाळ यावयाचें असलें म्हणजे सुताराला पाळणा सांगावा लागे. तो लांकूड निवडी, माप घेई, एका दांड्याचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत ठोकून बसवी आणि तयार पाळणा घरीं आणून टांगी. मूल उभें राहूं लागलें म्हणजे तीन चाकांचा पांगुळगाडा येई, तोही तसाच. सांवतवाडीच्या चितार आळींतील रंगीत लांकडी खेळणीं कारागिराच्या हातून निघत तींच मुलाच्या हातीं पडत. वस्तु मोडली तर ती ज्यानें केली त्याच्याकडे परत न्यावी, हा सरळ व्यवहार होता. जोडणीचें ज्ञान, जोडणीचीं हत्यारें आणि जोडणीची जबाबदारी हीं तिन्ही एकाच माणसाजवळ असत. युरोपांतही निराळें कांहीं नव्हतें. विल्यम केंट ह्या इंग्रज शिल्पकारानें १७३३ च्या सुमारास डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी बनविली. बाबागाडीच्या इतिहासाचा आरंभ बहुधा ह्या गाडीपासून करण्यांत येतो. ती गाडी ओढण्यास लहानसें जनावर जुंपावें लागे. पण ड्यूकसाहेबांना ती स्वतः जोडावी मात्र लागली नाहीं.

तेव्हांच्या कारागिरांनीं खेळण्याचे भाग सुटे करून गिऱ्हाइकाच्या हवालीं कां केले नाहींत? त्याचें कारण प्रामाणिकपणाइतकेंच आट्यांतही होतें. बोल्टावर जीं मळसूत्री खांचांचीं वेटोळीं असतात त्यांस आपले कारागीर आटे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका बोल्टाची चाकी दुसऱ्या बोल्टाला बसेलच असा भरंवसा नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ ह्या यंत्रतज्ज्ञानें १८४१ सालीं आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें. त्यांचा कोन ५५ अंशांचा धरला होता. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स ह्यांनीं १८६४ सालीं ६० अंशांच्या कोनाचें दुसरें माप मांडलें. एका गांवीं बनविलेला बोल्ट आणि दुसऱ्या गांवीं बनविलेली चाकी ह्यांची सोयरीक जुळण्याचा मार्ग त्यानंतरच मोकळा झाला. सुट्या भागांच्या जगाचा पाया ह्या कोरड्या वाटणाऱ्या मापांनीं घातला.

त्या पायावर व्यापाराची पहिली मोठी इमारत उभी राहिली ती खुर्च्यांची. ऑस्ट्रियांतील मिखाएल टोनेट ह्यांनीं वाफेनें लांकूड वांकवून १८५९ सालीं एक खुर्ची तयार केली. १४ क्रमांकाची खुर्ची म्हणून ती प्रसिद्ध आहे. ६ लांकडी भाग, १० स्क्रू आणि २ चाक्या एवढीच तिची सामग्री. एक घनमीटर आकाराच्या खोक्यांत अशा ३६ खुर्च्या सुट्या भागांच्या रूपानें मावत, व ठिकाणावर पोंचल्यावर त्या जोडल्या जात. आगगाडीनें व जहाजानें खुर्च्यांबरोबर पोकळ हवा पाठविण्याचें भाडें त्यामुळें वांचलें. भाडें वांचविण्याची ही युक्ति व्यापाऱ्यांच्या मनांत कायमची रुजली. तथापि टोनेटच्या खुर्चीची एक गोष्ट विसरूं नये. तिचे भाग इतके थोडे आणि एकमेकांपासून इतके भिन्न होते कीं, पाठ आणि बैठक ह्यांची अदलाबदल करणें कोणालाही शक्य नव्हतें.

खुर्च्यांची ही जोडणी खर्च वांचविण्यासाठीं होती. ह्याच सुमारास जोडणीचा एक दुसरा आणि अधिक उदात्त उपयोग शिक्षकांच्या ध्यानांत आलेला होता. लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी ह्यानें १७६० नंतरच्या दशकांत लांकडाच्या फळीवर नकाशा चिकटविला आणि देशोदेशींच्या सीमांवरून करवतीनें तो कापला. ते तुकडे पुन्हां जुळवितां जुळवितां मुलांना भूगोल येई. आजच्या चित्रकोड्यांचा तो पूर्वज होय. पुढें जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांनीं १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला बालोद्यान ह्या अर्थाचें ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें. त्यांनीं मुलांच्या हातीं लांकडी ठोकळे दिले. मूल तुकड्यातुकड्यांतून आकार घडवितें तेव्हां त्याची बुद्धीही आकार घेत असते, ही त्यांची श्रद्धा होती. १८८० च्या सुमारास ऑटो व गुस्टाव्ह लिलिएंथाल ह्या जर्मन बंधूंनीं वाळू, खडू व जवसाचें तेल ह्यांपासून दगडासारखे ठोकळे बनविले. धंदा त्यांस साधला नाहीं. रिश्टर नांवाच्या उद्योजकानें तो विकत घेऊन जगभर नेला. ह्या दोघां भावांतील ऑटो लिलिएंथाल हाच पुढें पंख बांधून आकाशांत तरंगणारा प्रसिद्ध विमानविद्येचा अग्रदूत झाला आणि १८९६ सालीं त्याच प्रयोगांत त्यानें प्राण सोडला.

जोडणीच्या खेळाला खरें वैभव प्राप्त करून दिलें तें लिव्हरपूल शहरांतील एका कारकुनानें. फ्रँक हॉर्नबी हे मांस आयात करणाऱ्या एका पेढींत नोकर होते. आपल्या मुलांसाठीं ते फावल्या वेळांत पत्रा कापून खेळण्यांतले पूल व याऱ्या बनवीत. प्रत्येक नव्या खेळण्यासाठीं नवे भाग कापावे लागत, हा त्यांस मोठा त्रास वाटे. विचार करतां करतां त्यांस सुचलें कीं, सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोकें पाडलीं तर त्याच पट्ट्यांतून आज पूल, उद्यां गाडी आणि परवां यारी करतां येईल. दोन भोकांमधील अंतर त्यांनीं अर्धा इंच ठरविलें. १९०१ सालीं त्यांस ह्या कल्पनेचें पेटंट मिळालें. १९०७ सालीं ‘मेकॅनो’ हें नांव त्यांनीं नोंदविलें, आणि १९१४ सालीं लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. अमेरिकेंत ए. सी. गिल्बर्ट ह्यांनीं १९१३ सालीं ‘इरेक्टर’ नांवाची तशीच पेटी विक्रीस आणली. आपल्याकडच्या मुलांना पुढें ‘मेकॅनिक्स’ नांवाच्या देशी पेटीनें त्याच हिरव्या-तांबड्या पट्ट्यांची व इवल्याशा बोल्टांची गोडी लावली.

मेकॅनोच्या खेळाची प्रतिष्ठा किती वाढली ह्याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. मँचेस्टर विद्यापीठांतील गणिताचे अध्यापक डग्लस हार्ट्री व त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर ह्यांनीं १९३४ सालीं अवघड समीकरणें सोडविणाऱ्या एका यंत्राची प्रतिकृति बहुतांशीं मेकॅनोचे भाग वापरून उभी केली, आणि तिच्या साहाय्यानें खरोखरीचीं शास्त्रीय गणितें सोडविलीं. मुलांच्या पेटींतील दंतचक्रें विद्यापीठाच्या कामीं आलीं. बिन्स रोडचा तो कारखाना १९७९ सालीं बंद पडला. परंतु कित्येक इंजिनियरांनीं आपल्या व्यवसायाचा पहिला धडा त्या पट्ट्यांवर गिरविला होता.

येथें एक भेद नीट ओळखला पाहिजे. मेकॅनोच्या पेटींत जोडणी हाच खेळ होता. पूल वांकडा झाला तर मूल तो सोडी आणि पुन्हां बांधी. तो पडला तर चार पट्ट्या खडखडत आणि घरांत हंसें होई. चूक हा त्या खेळाचा एक भाग होता, किंबहुना चुकीनेंच मूल शिके. शिवाय वेळेचें बंधन नव्हतें. बापाच्या पुढ्यांत येऊन पडणाऱ्या खोक्यांत ह्यांतलें कांहींच नसतें. तेथें जोडणी झाल्याशिवाय खेळाला आरंभच होत नाहीं. मूल तिष्ठत उभें असतें, आणि वस्तु एकच विवक्षित तऱ्हेनें जोडावयाची असते. शिक्षणासाठीं जी जोडणी मुलाच्या हातीं दिली गेली होती, ती पुढें भाड्याच्या बचतीसाठीं बापाच्या हातीं आली, आणि तिच्यांतील आनंद मात्र वाटेंत गळून पडला.

हें स्थित्यंतर मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचें आहे. स्वीडनमधील एका लांकडी सामानाच्या कंपनींत गिलिस लुंडग्रेन नांवाचे आरेखक होते. एक मेज मोटारींत मावेना म्हणून त्यांनीं त्याचे पाय काढून घेतले, अशी हकीकत सांगतात. १९५६ पासून त्या कंपनीनें सपाट खोक्यांतून सुटें सामान विकण्याचा परिपाठ ठेवला, आणि पाहतां पाहतां सगळ्या जगानें तो उचलला. ह्या खोक्यांत षट्कोनी टोंकाची जी वांकडी किल्ली हटकून निघते, तिच्या स्क्रूचें पेटंट अमेरिकेंतील विल्यम ॲलन ह्यांनीं १९१० सालींच घेतलेलें होतें. ज्या घरांत डिसमिस किंवा पाना नाहीं त्या घरालाही ती किल्ली सुताराचें दुकान बनविते. खोका लहान झाला, भाडें उतरलें, गोदामांत जागा वांचली, आणि किंमत कमी झाल्यामुळें सामान्य गृहस्थालाही बाळासाठीं कठड्याची खाट व उंच खुर्ची घेणें परवडूं लागलें. हा लाभ खराच आहे; तो नाकारणें अन्यायाचें होईल. पण कारखान्याचें शेवटचें काम कारखान्यांतून उठून गिऱ्हाइकाच्या घरीं आलें आणि तें करणाऱ्यास मजुरी मिळेनाशी झाली, हेंही तितकेंच खरें आहे. ख्रिस्ती देशांत नाताळच्या आदल्या रात्रीं मुलें झोपल्यावर आईबाप पहाटेपर्यंत खेळणीं जोडीत बसतात, हा तेथील विनोदी लेखकांचा ठरलेला विषय होऊन बसला.

कारखान्यांत ह्या कामावर शिकविलेला मजूर होता. घरीं त्याच्या जागीं एक कागद आला. त्या कागदाची कथा स्वतंत्रच आहे. आरंभीं त्यावर मजकूर असे. माल देशोदेशीं जाऊं लागला तसा तो मजकूर अनेक भाषांतून छापावा लागला, आणि एका भाषेंतून दुसरींत जातां जातां त्याचा अर्थ हरवूं लागला. म्हणून शब्द गेले आणि चित्रें आलीं. डेन्मार्कच्या लेगो कंपनीनें एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्यांच्या आजच्या रचनेचें पेटंट १९५८ सालीं नोंदविलें, व १९६४ पासून खोक्यांत जोडणीचीं चित्रें घालण्यास आरंभ केला. चित्र सर्व भाषांत सारखें हें खरें. परंतु चित्र काढणाऱ्याला वस्तु आधींच ठाऊक असते आणि पाहणाऱ्याला ती ठाऊक नसते, ही अडचण चित्रानेंही मिटत नाहीं. जाणत्याला जें उघड दिसतें तें तो काढावयाचें विसरतो.

ह्या विषयाकडे पुढें मानसशास्त्रज्ञांचेंही लक्ष गेलें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत बार्बरा ट्वर्स्की, मनीष अग्रवाल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००३ च्या सुमारास लोकांना एक छोटें सामान जोडावयास दिलें आणि नंतर तें दुसऱ्याला कसें समजावून सांगाल हें विचारलें. त्यांतून असें दिसलें कीं, सर्व भाग एकाच चित्रांत पसरून दाखविण्यापेक्षां एका चित्रांत एकच मोठी कृति दाखवावी, नवा भाग कोठें बसतो तें स्पष्ट दिसावें, व तो झांकला जाईल अशा बाजूनें चित्र काढूं नये. ह्या तत्त्वांस अनुसरून बनविलेल्या चित्रांनीं काम करणाऱ्यांच्या चुका कमी झाल्या आणि वेळही वांचला. माणसें तींच, हात तेच, सामानही तेंच; बदलला होता तो केवळ कागद. अंगणाच्या वांकडेपणाचा हा पहिला शास्त्रीय पुरावा म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें एक संशोधन मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशोन व डॅन ॲरिएली ह्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. स्वतः जोडलेल्या वस्तूवर मनुष्य अधिक जीव लावतो, तयार वस्तूपेक्षां तिची किंमत अधिक समजतो, असें त्यांस खोकीं, कागदाच्या घड्या व लेगोचे ठोकळे ह्यांच्या प्रयोगांत आढळलें. मात्र ही माया काम पुरें झालें तरच उपजते. अर्धवट राहिलें किंवा मोडून टाकावें लागलें तर ती उरत नाहीं. बाप चिडतो तो कष्टामुळें नव्हे. मुलाच्या देखत आपण अपुरे ठरलों, ही बोंच त्याला अधिक लागते.

येथवर हा विषय विनोदाचा आहे. सायकलीचा स्क्रू उरला तर सायकल कुरकुरेल. परंतु बाळाच्या खाटेचा स्क्रू उरला तर काय होईल?

अमेरिकेंत बाळाला निजविण्यासाठीं चारी बाजूंनीं उंच कठडा असलेली खाट वापरतात. बाळाला उचलतांना आईला फार वांकावें लागूं नये म्हणून तिच्या एका बाजूचा कठडा खालींवर सरकणारा करण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. सरकारचें तिच्याकडे लक्ष नव्हतें असेंही नाहीं. कठड्याच्या दोन दांड्यांमधून बाळाचें शरीर निसटूं नये म्हणून त्यांच्यामध्यें सुमारें ६ सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावें, असा नियम १९७३ सालींच झाला होता. पण दांड्यांमधलें अंतर पट्टीनें मोजतां येतें. घरोघरच्या जोडणीचें माप घेणारी पट्टी कोणाजवळ होती? सुट्या भागांच्या खाटा आल्यावर सरकता कठडा घरींच बसविला जाऊं लागला. तो लहान प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर तोललेला असे, आणि त्याची वरची व खालची बाजू पुष्कळ वेळां जवळजवळ सारखीच दिसे. तो उलटा बसविला तरी बसत असे. बाहेरून पाहणाऱ्यास खाट व्यवस्थित दिसे; पण खिट्टीवर भलत्या बाजूनें भार पडे, कांहीं दिवसांनीं ती तुटे, कठडा एका कोंपऱ्यांत निसटे आणि गादी व कठडा ह्यांच्यामध्यें एक फट पडे. झोपेंत कूस बदलणारें बाळ त्या फटींत घसरे, अडके आणि गुदमरे. आईबाप शेजारच्या खोलींत निजलेले असत.

सप्टेंबर २००७ मध्यें तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगानें एका कारखानदाराच्या सुमारें १० लक्ष खाटा परत बोलावल्या. खाटेची रचनाच अशी आहे कीं घेणाऱ्याच्या हातून नकळत कठडा उलटा बसूं शकतो, असें त्या वेळीं आयोगानें स्पष्ट सांगितलें. हें वाक्य साधें दिसतें. पण त्यांत दोषाचें बोट प्रथमच नाचणाऱ्यावरून उचलून अंगणाकडे वळविलेलें आहे. त्यापूर्वीं ज्या घरीं असा प्रसंग घडला असेल, त्या घरच्या बापानें आपल्या हातांकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल, ह्याची कल्पनाही करवत नाहीं.

ह्याच्याही आधीं, १९९८ च्या मे महिन्यांत, शिकागो शहरीं एक निराळा परंतु ह्याच जातीचा प्रसंग घडला होता. प्रवासांत नेण्याजोगी एक घडीची खाट एका पाळणाघरांत वापरांत होती. तिच्या वरच्या कडा उघडून ताठ बसवाव्या लागत. त्या मध्येंच दुमडल्या, आणि दीड वर्षाच्या आंतील एक बालक त्या पांचरींत सांपडून दगावलें. ती खाट धोक्याची म्हणून १९९३ सालींच परत बोलावण्यांत आली होती; पण पांच वर्षांत ही बातमी त्या घरापर्यंत पोंचली नव्हती. त्या बालकाचे आईबाप विद्यापीठांत शिकविणारे होते. शोकाला कवटाळून न बसतां त्यांनीं त्याच वर्षीं मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठीं एक संस्था काढली आणि दहा वर्षें चिकाटीनें खटपट केली. १४ ऑगस्ट २००८ रोजीं अमेरिकेंत जो नवा कायदा झाला त्यांतील एका भागास त्या बालकाचें नांव देण्यांत आलें. त्या भागानें खाटा, पाळणे, बाबागाड्या अशा वस्तूंच्या परीक्षेचे नियम सक्तीचे केले, आणि प्रत्येक वस्तूबरोबर नोंदणीचें कार्ड देण्याचें बंधन घातलें, म्हणजे पुढें दोष आढळला तर कारखानदाराला गिऱ्हाइकाचा पत्ता ठाऊक असावा.

त्या कायद्याच्या आधारें आयोगानें डिसेंबर २०१० मध्यें खाटांचे नवे नियम एकमतानें मंजूर केले आणि २८ जून २०११ पासून ते अंमलांत आले. सरकत्या कठड्याच्या खाटा बनविणें व विकणें त्या दिवसापासून बंद झालें. २००० सालापासून अशा खाटांत किमान ३२ बालकें गुदमरून वा गळा अडकून मृत्यु पावल्याचें आयोगाच्या नोंदींत होतें. पाळणाघरांना जुन्या खाटा बदलण्यासाठीं २८ डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत मिळाली. खाट पहिल्या बाळासाठीं जोडावी, मग सोडून माळ्यावर ठेवावी, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळीं पुन्हां जोडावी, हा संसारी माणसाचा क्रम असतो. तेवढ्यांत कागद हरवतो, दोन स्क्रू गहाळ होतात आणि त्यांच्या जागीं दुकानांतले दुसरेच येतात. हाही अनुभव नियम करणाऱ्यांनीं ध्यानीं घेतला. मुख्य सांध्यांना केवळ लांकडी स्क्रूंवर विसंबण्यास त्यांनीं मनाई केली आणि बोल्ट आपोआप सैल होऊं नयेत अशी तजवीज सक्तीची केली.

पण त्या नियमांतील सर्वांत महत्त्वाचें कलम निराळें आहे. खाट अशी रचावी कीं ती बरोबरच जोडतां यावी. तसें करणें शक्य नसेल तर तिच्यावर अशा खुणा असाव्या कीं चुकीची जोडणी पाहतांक्षणींच लक्षांत यावी. दोन ओळींचें हें कलम आहे. आईबापांनीं अधिक सावध राहावें असा उपदेश त्यांत नाहीं. आईबाप थकलेले असतील, रात्रीचे जागे असतील, कागद त्यांना नीट समजणार नाहीं, हें त्यांत गृहीत धरलें आहे, आणि अशा माणसाच्या हातांतही वस्तु निर्धोक राहिली पाहिजे असें बंधन ती बनविणाऱ्यावर घातलें आहे.

ह्या विचाराचा उगम जपानांतील कारखान्यांत सांपडतो. शिगेओ शिंगो नांवाचे अभियंते १९६१ मध्यें यामादा इलेक्ट्रिक ह्या कारखान्याला भेट देण्यास गेले. तेथें एका लहानशा खटक्याखालीं दोन स्प्रिंगा बसवावयाच्या असत, आणि कामगार कधीं कधीं त्यांतली एक विसरत. वरिष्ठ रागावत, कामगार वरमत, चार दिवस काम सुधारे आणि पुन्हां पूर्ववत् होई. शिंगो ह्यांनीं कोणास रागें भरलें नाहीं. कामाला हात घालण्यापूर्वीं दोन स्प्रिंगा एका बशींत काढून ठेवाव्या, एवढेंच त्यांनीं सांगितलें. खटका बसल्यावर बशींत स्प्रिंग उरली तर चूक झाली हें तत्काळ दिसे. अशा युक्त्यांना प्रथम जें नांव होतें त्याचा अर्थ ‘मूर्खापासून बचाव’ असा होता. पुढें दुसऱ्या एका कारखान्यांत हें नांव ऐकून एका कामगार स्त्रीला रडूं कोसळलें. आपल्याला मूर्ख समजलें जातें असें तिला वाटलें. तेव्हां शिंगो ह्यांनीं तें नांव टाकून ‘पोका-योके’, म्हणजे ‘चुकीपासून बचाव’, असें नवें नांव घेतलें. त्या स्त्रीच्या अश्रूंनीं एका शास्त्राची दृष्टि बदलली. चूक माणसाच्या हातून होते; पण तिला वाव वस्तु देते.

भारतांतही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानकाचें चिन्ह असणें सक्तीचें झालें. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्या सक्तींतून सूट देण्यांत आली. सांवतवाडीचा कारागीर आपलें खेळणें पुरें करूनच हातावेगळें करतो. सपाट खोक्याचा कारखानदार तें अपुरें ठेवून पाठवितो. त्यानें तें पुरें करण्याचें काम ज्याच्यावर सोंपविलें त्याच्या चुकांचाही भार उचलला पाहिजे, एवढाच ह्या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

पुढच्या वेळीं दिवाणखान्यांत खोका उघडला जाईल तेव्हां दोन गोष्टी कराव्या. सर्व भाग आधीं मोजून एका ताटांत काढून ठेवावे, म्हणजे शिंगो ह्यांची बशी घरांतच तयार होईल. आणि काम संपल्यावर ताटांत एखादा स्क्रू उरलाच, तर तो खिडकींतून टाकून न देतां, कागद हातीं घेऊन पुन्हां पहिल्या चित्रापासून आरंभ करावा. मुलाला तेवढा वेळ खोक्यांत खेळूं द्यावें. आणि घरांत कोणी अंगणाची म्हण काढली, तर बापानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. अंगण कित्येकदां खरोखरच वांकडें असतें.